श्रीमती बघते

पत्रिकेच्या वरच्या कोपऱ्यात एक ओळ हवी होती.
व्याख्यानमाला तत्त्वज्ञानावर, तीन संध्याकाळी, चहा मंडळातर्फे.
मी म्हटलं, आहे माझ्याकडे:
तत्त्वज्ञ क्षितिज मोजायला निघतात…
पुढे काहीतरी होतं. मागे काहीतरी राहिलेलं.
कार्यवाह रणदिवे म्हणाले, वाक्य झकास,
पण खाली नाव पाहिजे. कुणाचं?
छापखानेवाला गुरुवारी दुपारी मजकूर न्यायला येणार.

मंगळवारी मांडवीजवळच्या ग्रंथालयात गेले.
काचेच्या फरशीखाली एक माणूस धूसर हलत होता.
त्याला दिसत असतील नुसत्या माझ्या चपला,
इकडून तिकडे, नाव शोधणाऱ्या.
हसमुखभाईंनी शिडी लावली.
'ग्रीक हशे, बेन. एवुं बधुं ग्रीक ज बोले.'
तीन ग्रीक उतरवले, एक जर्मन,
दोन शास्त्रीबुवा, कडेला वाळवीची नक्षी.
क्षितिज कुणीच मोजलेलं नव्हतं.

बुधवारी डॉ. उपासनींना फोन केला.
म्हणाले, उपनिषदातलं आहे, नक्की.
कुठल्या? नक्की आहे म्हटलं ना.
धाकट्या दिरांनी कॅलेंडरच्या मागे वाचलं होतं.
ते सगळंच कॅलेंडरच्या मागे वाचतात.

रात्री भाकरीचं पीठ मळत होते, हात परातीत,
ओळ मनात म्हणत होते, आणि
उजवी करंगळी दुखली.
ज्ञ पाशी.
बरोबर तिथेच. बावन्न वर्षांनी.

दांडिया बाजार, सायकलच्या दुकानावरचा जिना,
पानसेबाईंचा टायपिंग क्लास.
पाच यंत्रं गुजराती, तीन इंग्रजी,
मराठी एकच, खिडकीपाशी, ज्याचा ज्ञ चिकटायचा.
बाई आमच्या हातांवर टॉवेल टाकायच्या,
कळा दिसू नयेत म्हणून.
सगळी अवघड अक्षरं एका ओळीत घेतली, म्हणायच्या,
की पोटापाण्यापुरतं येतं.
ती ओळ त्यांनीच रचलेली. रोज चाळीस वेळा.

मी पीठ लागलेली बोटं ओट्यावर ठेवली,
नजर खिडकीबाहेर, शिकवल्याप्रमाणे,
आणि बोटं न अडखळता पुढे गेली:

तत्त्वज्ञ क्षितिज मोजायला निघतात; मागे ऋण, औषध,
गळकी छत्री, झाडू आणि ठणठणीत डबा
श्रीमती बघते.

घंटी. गाडी परत.

म्हणजे क्षितिज आलं होतं क्ष साठी.
तत्त्वज्ञ यायचेच, एवढी जोडाक्षरं
दुसऱ्या कुणाकडे आहेत?
ऋण ऋ साठी, औषध औ साठी, छत्री…
नाही, छत्री खरी होती. दाराआड उभी असायची,
एक काडी बाहेर, खाली पितळेचं भांडं.
बाईंचे यजमान काय करायचे,
आम्ही कधी विचारलं नाही.
आतल्या खोलीतून खाकरणं यायचं
आणि बऱ्याच वेळाने एक पान उलटल्याचा आवाज.

गुरुवारी रणदिव्यांना पूर्ण ओळ दिली, खाली बाईंचं नाव.
ते हसले, मग हसायचे थांबले.
उत्तरार्ध, म्हणाले, पत्रिकेला शोभणार नाही.
आणि ह्या पानसे कोण?
वाङ्मयात कुठे ह्यांचं नाव ऐकलं नाही.

खरं आहे. ङ तेवढा राहिलाच होता त्या ओळीत.
मी विचारलंही होतं एकदा, बाई, ह्यात ङ कुठेय?
त्यांनी टॉवेल झटकला, घडी घातली.
तो फक्त वाङ्मयाला लागतो, म्हणाल्या.
तुम्हाला अर्ज लिहायचेत.